एकशे अडतीस कोणी पाहिलं

स्कनथॉर्प, २० मार्च

ऑब्री,

'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही.

हे पत्र तू वाचणार हे मला ठाऊक आहे. छत्तीस वर्षं पोस्टमन होतास, आलेलं पत्र न उघडता टाकणं तुझ्या हाताला जमायचं नाही. फोन तू आपटतोस, म्हणून लिहिते आहे.

गुरुवारी बार्नेटबी स्टेशनावर, आपल्या फोटोवाल्या टेरेन्ससमोर आणि डॉनकास्टरहून आलेल्या त्या चार परक्या माणसांसमोर तू मला म्हणालास, "मर्टल, हा नंबर तू मनानं लिहिलास." सव्वीस वर्षं आपण एका बाकावर बसून मालगाड्यांच्या इंजिनांचे नंबर टिपतो. त्याआधी मी शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांना जेवू घातलं. त्यांतल्या एकानंही मला खोटारडी म्हटलं नाही. माझ्या कोबीला काय काय म्हणाले ते वेगळं.

काय घडलं ते पुन्हा सांगते, कारण तू तिथे नव्हतास. तू समोरच्या पबमध्ये लघवीला गेला होतास. मी बजावलं होतं, "जाऊ नकोस, बंदरावरून वीजकेंद्राला जळणाच्या लाकडी गोळ्या नेणारी गाडी यायची वेळ झालीये." तू म्हणालास, "ते माझ्या वयाला सांग." बरं. गाडी आली, गेली. तू परत येऊन विचारलंस, "कुठलं होतं?" मी म्हटलं, "एकशे तेवीस." त्यावर टेरेन्सनं कुठलं इंजिन कुठे आहे ते दाखवणारा तो मेला फोन काढला आणि जाहीर केलं की एकशे तेवीस महिनाभर दुरुस्तीच्या कारखान्यात पडलंय, चाकं काढून ठेवलीत. मग तू म्हणालास, "चाकं नसलेलं इंजिन इथून कसं गेलं, मर्टल? पोहत?" डॉनकास्टरवाले हसले. तू माझ्या मोटारीत न बसता बसनं घरी ब्रिगला गेलास.

हल्ली नंबर काढतातच बारीक, वर बंदराची धूळ. मी पाहिलं ते पाहिलं. उगाच उचलली जीभ लावली टाळ्याला करू नकोस.

तुझ्यामुळे डोकं इतकं फिरलं होतं की परतताना एक लॉरीवाला उगाच हॉर्न वाजवत मागे लागला. लोकांना दमच राहिलेला नाही. आणि माझ्या भाचीनं, फिलिपानं, तिच्या फाटकाचा खांब कधी सरकवला कोण जाणे. मोटार त्याला लागली. ती म्हणते खांब चाळीस वर्षं तिथंच आहे.

माफीची वाट बघते आहे.

मर्टल कॉथोर्न
(पूर्ण नाव लिहिलंय. तेही मुद्दाम.)


स्कनथॉर्प, ९ एप्रिल

ऑब्री,

तुझं कार्ड मिळालं. म्हणजे तेहेतीस नंबरच्या ऑलर्टनबाईंना मिळालं. माझं घर अडतीस. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात पत्रं टाकलीस आणि माझा पत्ता धड लिहिता येईना? बाईंनी ते अर्थातच वाचलं. "१२३ चाकांविना. विषय संपला. ऑ. पिकर्सगिल." दारात उभ्या राहून अगदी हळव्या आवाजात विचारत होत्या, "कोणाचे पाय गेले का हो?"

सलग तीन गुरुवार तू पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर बसतो आहेस. बस बापडा. फक्त त्या टेरेन्सला निरोप्या करू नकोस. तो पुलावर शिडी लावून फोटो काढायला येतो, आपली भांडणं वाहायला नाही. परवा तो धापा टाकत खाली आला, "ऑब्री म्हणतोय, तेलाची गाडी वीस मिनिटं उशिरा आहे." मी म्हटलं, "त्याला सांग, मी विचारलं नव्हतं." तो वर गेला, पलीकडे उतरला, परत आला. "ऑब्री म्हणतोय, तोही तुम्हाला सांगत नव्हता." त्या माणसाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ऑब्री.

नंबराचं म्हणशील, तर मी विचार केला. एकशे अठ्ठावीस असू शकेल. माणसाची एखादे वेळी गल्लत होते. गल्लत वेगळी आणि मनानं लिहिणं वेगळं, हे तुझ्यासारख्या शहाण्याला सांगायला नको.

तू अजून सगळे नंबर मोठमोठ्यानं वाचतोस ते या प्लॅटफॉर्मपर्यंत ऐकू येतं. मी तक्रार करत नाहीये. वाचत जा.

मनुक्यांचा पाव भाजला होता. अर्धा टेरेन्सबरोबर पाठवला. त्यानं पुलावर खाल्ला असेल तर माझा दोष नाही.

मर्टल


स्कनथॉर्प, ६ मे

प्रिय ऑब्री,

पुढचं रागात लिहिता येणार नाही, म्हणून आज 'प्रिय'.

मी एकशे तेवीस पाहिलं नव्हतं. एकशे अठ्ठावीसही नाही. मी काहीच पाहिलं नव्हतं. एक पिवळं तोंड आलं, मागून लांबलचक काहीतरी गेलं, आणि नंबराच्या जागी दुधात भिजलेल्या पावासारखं पांढरं दिसलं. तू विचारलंस, तेव्हा तोंडात पहिला आकडा आला तो ठोकून दिला.

खांबानंतर फिलिपानं मला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "भिंतीवरची अक्षरं वाचा." मी विचारलं, "कुठल्या भिंतीवरची?" त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले.

बाईंना नवल वाटलं की हे मला आधी कसं कळलं नाही. म्हणून त्यांना आपलं सगळं सांगितलं. या जातीच्या इंजिनांचे पहिले दोन आकडे सारखेच, म्हणून आम्ही शेवटचे तीनच बोलतो. सगळे नंबर एका पुस्तिकेत छापलेले असतात. जे आपल्या डोळ्यांनी वाचलं त्याच्याखाली लाल रेघ मारायची, दुसऱ्यानं वाचलेल्याखाली नाही. तपासायला कोणी येत नाही, म्हणूनच तर खोटी रेघ मारणाऱ्याला आमच्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दिसत नसताना तुम्ही रेघा कशा मारत होतात?"

फिलिपा छताकडे बघायला लागली.

तू वाचायचास, ऑब्री, आणि मी मारायची. गेली दोन वर्षं. "काय म्हणालास?" असं मी दर वेळी विचारायची, तुला वाटायचं माझे कान गेले. तू वाढदिवसाला मला कानाच्या यंत्राची जाहिरात कापून दिलीस. मी ती फडताळाच्या दारावर चिकटवली, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा बहिरी म्हणवून घेणं परवडत होतं. काल फिलिपाला बसवून रेघा मोजल्या. दोनशे चौदा. ती पुस्तिका मी शेगडीत घातली आणि कोरी आणली. तिच्यात एकही रेघ नाही.

आता खाली बस. बसलास? त्या दोन वर्षांत मोटारही मीच चालवत होते. ब्रिगला तुला घेतल्यावर तू शेजारी बसून बडबडायचास, "लाल झाला", "गाई आहेत", "अगं, गोल चक्कर". तुला वाटायचं गप्पा चालल्यात. मी त्याच्यावर चालवत होते. ब्रिगपर्यंतचं मात्र देवानं बघितलं. किल्ली मी फिलिपाला देऊन टाकली. याबद्दल तू मला काय बोलशील ते बोल, मी निमूट ऐकेन. ते पाप नंबराहून मोठं आहे हे मला कळतं.

आणि का लपवलं तेही सांगते. मोटार गेली की गुरुवार जाईल असं वाटलं. तू मोटारीसाठी येतोस की माझ्यासाठी, हे मला सव्वीस वर्षांत विचारता आलं नाही. विचारलं असतं आणि नको ते उत्तर आलं असतं, तर मी काय करणार होते? घरी बसून कोबी?

तू मला खोटी म्हणालास ते बरोबर म्हणालास. चारचौघांत म्हणालास ते मात्र अजून लागतं.

तुझी
मर्टल


स्कनथॉर्प, २७ जून

प्रिय ऑब्री,

उजवा डोळा झाला. डावा पुढच्या महिन्यात. इतकी वर्षं मी ज्या भिंतींना पिवळ्या म्हणत होते त्या पांढऱ्या निघाल्या. शेगडीमागे जे निघालं ते लिहीत नाही. आरशात बघितलं तर माझी आई उभी. मी इतकी म्हातारी झालेय हे तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस.

काल पहिल्यांदा नव्या डोळ्यानं बार्नेटबीला आले. रेल्वेनं. आपण सव्वीस वर्षं रेल्वे बघायला मोटारीनं गेलो, हे त्या डब्यात बसल्यावर मला सुचलं आणि मी एकटीच हसत सुटले. समोरच्या बाईनं जागा बदलली.

आणि कालच तुझं ते झालं. लोहखनिजाची गाडी पोलादाच्या कारखान्याकडे निघाली होती, तू दुर्बीण लावून उभा राहिलास आणि ओरडलास, "एकशे अडतीस." अख्ख्या पुस्तिकेत रेघ नसलेलं तुझं एकच इंजिन. टेरेन्स शिडीवरून उतरून तुला मिठी मारायला धावला. त्यामुळे त्याच्या फोटोत नुसते डबे आलेत म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा उशिरानं.

गाडी हळू चालली होती. ऊनही छान पडलं होतं. असो.

तुझी चिठ्ठी टेरेन्सनं आणून दिली. "झालं ते झालं. बारा जुलैला पबमध्ये सगळ्यांना बोलावलंय, पुस्तिका मिटायची आहे. तुझी खुर्ची माझ्या शेजारी. मोटारीचा यात काही संबंध नव्हता." ती चिठ्ठी मी चार वेळा वाचली. आधी उजव्या डोळ्यानं, मग उगाच डाव्यानंही.

येते. नक्की येते. दुर्बिणीची काच पुसतोस ना अधूनमधून? सहज विचारलं.

तुझी
मर्टल


११ जुलै. हे पोस्टानं नाही, फिलिपाकडून तुझ्या दारात टाकते आहे.

प्रिय ऑब्री,

ते एकशे तेहेतीस होतं.

एकदा लिहिलं म्हणजे झालं, असं वाटून आधी तेच लिहिलं. पण पुढचंही लिहायला हवं.

तू म्हणशील, चोराच्या उलट्या बोंबा, दोनशे चौदा खोट्या रेघांवाली मला शिकवते. म्हणून मी घाई केली नाही. नंतरचे दोन्ही गुरुवार गप्प बसून तू काय ओरडतोस आणि मला काय दिसतं ते ताडून पाहिलं. नऊ इंजिनांत चार चुकली. तिनाचा आठ, आठाचा तीन, एकदा सहाचा आठ. तुझं कार्ड तेहेतीसमध्ये पडलं तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. पण तुझे डोळे म्हणजे आपल्या दोघांचे डोळे, ते चुकतील हे माझ्या मनातही आलं नाही. म्हणजे आंधळी आंधळ्याकडून नंबर घेत होती. तू मला ज्या गाई सांगायचास त्या गाईच होत्या का, हा विचार आता नको करूया.

हे कोणालाही कळणार नाही. टेरेन्सकडे फक्त डब्यांचा फोटो आहे, आणि मिठीच्या गडबडीत त्यानं फोनमध्ये बघितलंच नाही, आता त्यात गेलेल्या गाड्या दिसत नाहीत. बाकीच्यांनी तुझ्या आवाजावर टाळ्या वाजवल्या. मी तोंड मिटलं की तुझी पुस्तिका मिटते, मला खुर्ची मिळते, गुरुवार परत मिळतो. पंधरा दिवस मी तेच करत होते. चिठ्ठी काढायची, वाचायची, गप्प बसायचं. तू मला शेजारी बोलावलंस आणि तेवढ्याचसाठी मला तुझ्याशी खोटं वागायचं होतं.

पण मग मी तुझ्या शेजारी बसून केक खाणार, तू पुस्तिकेवर हात फिरवणार, आणि ती शेवटची रेघ खोटी आहे हे मला एकटीला माहीत असणार. मला ते जमायचं नाही. एक खोटा नंबर सांगून काय होतं ते मी मार्चपासून भोगतेय. तुला तो भोग नको. चारचौघांतही सांगणार नाही. ते किती लागतं ते मला ठाऊक आहे. म्हणून आजच.

तू पुन्हा पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जाशील तर जा. मी काही म्हणणार नाही. फक्त जायच्या आधी त्या डॉक्टरीणबाईंना भेट. चांगल्या आहेत, फार हसत नाहीत.

उद्या मी येत नाही. तुला माझ्याकडे बघत ठरवायला लागू नये.

तुझी
मर्टल


स्कनथॉर्प, ४ ऑक्टोबर

प्रिय ऑब्री,

क्लीथॉर्प्सची हवा मानवते का? बहिणीचं ऐक आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी उचलून बघू नकोस. तुला खाज येते म्हणालास, येणारच. वारा आणि धूळ पंधरा दिवस बंद म्हणजे बंद. समुद्रावरून जाणाऱ्या जहाजांचे नंबर लिहायला लागलास असं तुझी बहीण फोनवर म्हणत होती. जहाजांना नंबर नसतात, नावं असतात.

इकडे अजून लोक पबमधल्या त्या केकचं काढतात. टेरेन्सच्या बायकोनं साखरेनं '१३८' काढून आणला होता आणि तू सुरी घेऊन उभा राहिलास नि म्हणालास, "माझं वाचण्यात चुकलं. ते एकशे तेहेतीस होतं. मर्टलनं बरोबर पाहिलं." मग सुरीनं आठाचा तीन केलास आणि सगळ्यांना वाटलास. मी नव्हते, पण तीन जणांनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि तिघांच्याही सांगण्यात शेवटी तू विचारलंस, "ती का आली नाही?" त्या डॉनकास्टरच्या चौघांतला एकही हसला नाही म्हणे. त्यानंतरचे गुरुवार एकाच बाकावर गेले. तू काहीच लिहीत नव्हतास, नुसता माझं वाचणं ऐकायचास. मला ते फार बरं वाटायचं, हे तेव्हा सांगायचं राहिलं.

आता बातमी. तुझ्यापासून लपवायची नाही असं ठरवलंय, तेव्हा सरळच सांगते. गुरुवारी एकशे अडतीस आलं होतं.

टेरेन्सच्या फोननं दहा मिनिटं आधी सांगितलं. मी म्हटलं, "नक्की?" तो म्हणाला, "दगडाची गाडी घेऊन येतंय, समोरूनच जाणार." माझ्या नव्या पुस्तिकेत एकसष्ट रेघा झाल्यात, सगळ्या स्वतःच्या डोळ्यांनी. हे बासष्टावं झालं असतं. सिग्नल पडला. लांबून पिवळं तोंड दिसायला लागलं, नंबर अजून दिसत नव्हता. मी बाकावरून उठले, कुंपणाकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. दोन्ही, नवेकोरे, सरकारनं फुकट करून दिलेले.

टेरेन्स वरून हाका मारत होता, "मर्टल, अहो मर्टल, इकडे बघा, तेच आहे." माझ्या पाठीमागून जमीन हादरवत ते गेलं. कुंपण गच्च धरून मी आवाजावर डबे मोजत राहिले, तेवीस झाले. शेवटचा गेल्यावर मी वळले.

टेरेन्स खाली आला. "डोळ्यात काही गेलं का?"

मी म्हटलं, "नाही. ते ऑब्रीनं अजून पाहिलेलं नाही."

 तो फोटो दाखवायला लागला, तर मी तोही पाहिला नाही.

तेव्हा ते आता आपल्या दोघांचंही बाकी आहे. टेरेन्स म्हणतो, महिनाभर तरी ते याच मार्गावर चालणार. पट्टी कधी निघते ते कळव, मी पहिल्या रेल्वेनं क्लीथॉर्प्सला तुला न्यायला येते.

तुझी
मर्टल